मेरी मॅलनचा पगार

१९०२ सालच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधील ड्रेटन नावाच्या एका श्रीमंत वकिलाचे कुटुंब हवापालटासाठी अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातील डार्क हार्बर या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिले. सोबत नोकरचाकर होते, आणि नव्यानेच ठेवलेली एक स्वयंपाकीण होती. थोड्याच दिवसांत घरातले एकेक माणूस तापाने आडवे होऊ लागले. बघता बघता सात जण विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, अंथरुणाला खिळले. घरमालक आणि स्वयंपाकीण एवढे मात्र शाबूत राहिले. स्वयंपाकीण काम सोडून गेली नाही. तिने रात्रंदिवस राबून आजाऱ्यांची शुश्रूषा केली. साथ ओसरल्यावर ड्रेटन यांनी कृतज्ञतेपोटी तिला पगाराखेरीज पन्नास डॉलर बक्षीस दिले. चांगल्या स्वयंपाकिणीच्या साधारण महिनाभराच्या पगाराएवढी ही रक्कम होती.

हा ताप तिच्याच हातून घरात आला होता, हे ड्रेटन यांना ठाऊक नव्हते आणि तिलाही नव्हते. तिचे नाव मेरी मॅलन. पुढे वर्तमानपत्रांनी तिला ‘टायफॉइड मेरी’ केले आणि सव्वाशे वर्षे होत आली तरी ते नाव पुसले गेलेले नाही. रोग पसरवणाऱ्या माणसाला नावे ठेवायची तर आजही इंग्रजी बोलणारे लोक तिचेच नाव घेतात. तिची गोष्ट बहुतेक वेळा जंतूंची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण घरकाम करून पोट भरणाऱ्या बाईला संसर्गजन्य रोगामुळे कामावरून दूर ठेवायचे, तर तिच्या पगाराचे काय, असाही एक प्रश्न त्या गोष्टीत आहे, आणि न्यूयॉर्क शहराने तो वेळेवर सोडवला असता तर पुढच्या काही गोष्टी कदाचित घडल्या नसत्या.

मेरीचा जन्म २३ सप्टेंबर १८६९ रोजी आयर्लंडमधील टायरोन परगण्यात, कुक्सटाऊन येथे झाला. तो भाग गरिबीचा होता. चौदा-पंधरा वर्षांची असताना ती एकटी अमेरिकेला आली आणि सुरुवातीला नातेवाइकांकडे राहिली. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये उतरणाऱ्या आयरिश मुलींना ठरलेला मार्ग एकच होता, तो म्हणजे घरकाम. झाडलोट, धुणीभांडी, मुले सांभाळणे अशी कामे करत बहुतेकींचा जन्म जाई. मेरीच्या हाताला चव होती. ती स्वयंपाकीण झाली आणि नोकर पुरवणाऱ्या संस्थांमार्फत बड्या घरांत कामे मिळवू लागली. मोलकरणींच्या उतरंडीत स्वयंपाकिणीचा मान वरचा. तिला पगार जास्त, स्वयंपाकघरात तिचे राज्य, आणि एक घर सुटले तर दुसरे लगेच मिळण्याची खात्री. शिक्षण नाही, माहेर नाही, नवरा नाही अशा बाईची सगळी मिळकत म्हणजे तिचे कसब. हे लक्षात ठेवले नाही तर तिचे पुढचे वागणे निव्वळ आडमुठेपणाचे वाटते.

१९०६ च्या उन्हाळ्यात चार्ल्स वॉरन नावाच्या बँकमालकाने लाँग आयलंडवर ऑयस्टर बे येथे एक घर भाड्याने घेतले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे उन्हाळी घरही याच गावी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला मेरी तेथे कामाला लागली, आणि महिनाअखेरीपासून घरातील अकरांपैकी सहा जणांना टायफॉइड झाला. टायफॉइड हा तेव्हा गलिच्छ वस्त्यांचा रोग समजला जाई. अशा घरात तो शिरल्यामुळे घरमालक थॉम्सन घाबरले. पुढच्या मोसमात कोणी भाडेकरू मिळेना, या काळजीने त्यांनी जॉर्ज सोपर नावाच्या स्वच्छता अभियंत्याला कामाला लावले. येथेही मूळ काळजी पैशांचीच होती, हे नोंदवायला हवे.

सोपर यांनी विहीर, गटारे, दूध सगळे तपासले. किनाऱ्यावर विकायला येणाऱ्या शिंपल्यांवरही त्यांचा संशय होता, पण ते आजारी पडलेल्या सगळ्यांनी खाल्लेले नव्हते. मग त्यांच्या लक्षात आले की साथीच्या सुमारे तीन आठवडे आधी स्वयंपाकीण बदलली होती, आणि नवी स्वयंपाकीण साथ सुरू झाल्यावर निघून गेली होती. टायफॉइडचा जंतू पोटात गेल्यापासून ताप चढेपर्यंत बहुधा एक ते तीन आठवडे जातात. हिशेब जुळत होता. सोपर यांनी तिची मागची कामे शोधून काढली. १९०० पासून तिने स्वयंपाक केलेल्या आठ घरांपैकी सातांत टायफॉइड होऊन गेलेला होता, आणि डार्क हार्बर त्यातलेच एक.

शंका एकच उरत होती. शिजवलेल्या अन्नात जंतू मरतात, मग रोग पोहोचला कसा? त्याचेही उत्तर मिळाले. ताजे पीच चिरून घातलेले आइस्क्रीम ही मेरीची खासियत होती. त्यात हात लागतो, आच लागत नाही.

आज ही गोष्ट शाळकरी मुलालाही पटेल. १९०७ साली ती डॉक्टरांनाही नवी होती. निरोगी दिसणारी माणसे टायफॉइडचे जंतू बाळगू शकतात, हे रॉबर्ट कॉख आणि इतर जर्मन शास्त्रज्ञांनी नुकतेच, काही वर्षांपूर्वी, मांडले होते. अमेरिकेत असा एकही माणूस तोवर सापडला नव्हता. यामागची क्रिया अशी: साल्मोनेला टायफी हा जंतू दूषित अन्नपाण्यातून आतड्यात जातो, तेथून रक्तात उतरतो आणि यकृतामार्गे पित्ताशयात पोहोचतो. ताप उतरतो, माणूस बरे होते, पण शेकड्यात एक ते चार जणांच्या पित्ताशयात जंतू मुक्काम ठोकतात. तेथे खडे असतील तर त्यांच्यावर बुळबुळीत थर करून ते वर्षानुवर्षे राहतात. पित्ताबरोबर ते आतड्यात येतात आणि शौचावाटे बाहेर पडतात, तेही रोज नव्हे, अधूनमधून. अशा वाहकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळते. मूळचा आजार इतका सौम्य असू शकतो की चार दिवसांची कणकण म्हणून तो विसरला जावा. आपल्याला कधी टायफॉइड झाला होता हे मेरीने आयुष्यभर मान्य केले नाही, आणि ती खोटे बोलत होती असे समजायचे कारण नाही.

मार्च १९०७ मध्ये सोपर यांना ती पार्क अॅव्हेन्यूवरच्या एका घरी सापडली. तेथेही टायफॉइड शिरला होता आणि घरातली तरुण मुलगी त्यात दगावली. सोपर थेट स्वयंपाकघरात गेले आणि तिच्यामुळे लोक आजारी पडत असल्याचे सांगून त्यांनी तिच्याकडे रक्ताचे, लघवीचे आणि शौचाचे नमुने मागितले. एका अनोळखी पुरुषाने, कामाच्या जागी, धडधाकट बाईला हे विचारायचे! मेरीने मांस कापताना वापरायचा मोठा काटा उचलला आणि सोपर तेथून पळाले. दुसऱ्यांदा ते सोबत एका डॉक्टरला घेऊन तिच्या मित्राच्या बिऱ्हाडी गेले. तेथूनही त्यांना शिव्या खाऊन परतावे लागले. या भेटींत सोपर यांनी जे सांगितले त्याचा मेरीच्या दृष्टीने अर्थ एकच होता: काम बंद. त्या दिवसापासून तिने काय खावे, याबद्दल त्यांच्याकडे काहीच सांगण्यासारखे नव्हते.

मग आरोग्य खात्याने डॉ. जोसेफिन बेकर यांना पाठवले. बेकर यांचे वडील टायफॉइडनेच गेले होते. त्या एकदा गेल्या तेव्हा मेरीने दार तोंडावर आपटले. दुसऱ्या दिवशी त्या पोलीस आणि रुग्णवाहिका घेऊन आल्या. मेरी गायब. कित्येक तास शोध चालला. घरातल्या इतर नोकरांनी ओठ उघडले नाहीत, उलट ज्या कोनाड्यात ती लपली होती त्याच्या दारापुढे त्यांनी राखेचे डबे रचून ठेवले होते. दारात अडकलेला झग्याचा तुकडा पोलिसाच्या नजरेस पडला नसता तर ती त्या दिवशी सुटली असती. तिला उचलून गाडीत घालावे लागले आणि रुग्णालय येईपर्यंत बेकर तिच्या अंगावर बसून राहिल्या. पुढे बेकर यांनी आपल्या आत्मचरित्रात तिच्याबद्दल आपुलकीने लिहिले आहे आणि तिची बाजू आपल्याला हळूहळू कळत गेली असे म्हटले आहे.

तपासणीत जंतू सापडले. मेरीला ईस्ट रिव्हरमधील नॉर्थ ब्रदर या छोट्या बेटावर नेले गेले. तेथे रिव्हरसाइड हे संसर्गजन्य रोग्यांचे रुग्णालय होते. तिला स्वतंत्र टुमदार घर मिळाले, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती. खटला झाला नाही, मुदत ठरली नाही. शहराच्या सनदेतील दोन कलमांच्या आधारे, स्वतः आजारी नसलेल्या बाईला आरोग्य खात्याने अनिश्चित काळासाठी बेटावर ठेवले. मार्च १९०७ ते जून १९०९ या काळात तिच्या शौचाचे १६३ नमुने तपासले गेले, त्यांपैकी १२० मध्ये जंतू निघाले. मेरीने आपल्या मित्राकरवी खासगी प्रयोगशाळेत नमुने पाठवले. तिकडून ते निर्दोष असल्याचा निर्वाळा आला. जंतू रोज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे असे होऊ शकते. पण तिने कोणावर विश्वास ठेवावा? एक प्रयोगशाळा तिला डांबणाऱ्यांची, दुसरी तिने स्वतः पैसे मोजलेली.

औषधे देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. पित्ताशय काढून टाकण्याचा प्रस्ताव डॉक्टरांनी अनेकदा मांडला. तेव्हाची पोटाची शस्त्रक्रिया म्हणजे जिवाशी खेळ, शिवाय गुण येईल याची हमी नव्हती. मेरीने नकार दिला आणि तो अविचारी म्हणता येणार नाही. आज वाहकाला बहुधा चार आठवडे प्रतिजैविके देतात, शौचाचे नमुने ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा तपासतात, आणि पित्ताशयात खडे असतील तर ते काढण्याचा विचार करतात. ताप उतरला म्हणजे जंतू गेले असे नव्हे, हे घरी टायफॉइड होऊन गेलेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. उपचार न झालेल्या रुग्णांपैकी सुमारे दहा टक्के लोक बरे झाल्यावरही काही आठवडे ते तीन महिने जंतू टाकत असतात. म्हणूनच स्वयंपाक करणाऱ्या किंवा लहान मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांनी नमुने तपासून होकार दिल्यावरच कामावर परतावे, असा दंडक आहे. लसही आता पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली आहे. हैदराबादेत तयार झालेली संयुग्मित लस सार्वजनिक मोहिमेत मुलांना देणारी जगातली पहिली संस्था म्हणजे नवी मुंबई महापालिका. २०१८ साली तिने एक लाखाहून अधिक मुलांना ही लस टोचली. मेरीच्या वेळी यातले काहीच नव्हते. टायफॉइड झालेल्या दहांपैकी एक तरी माणूस हाती लागत नसे.

अटकेनंतर थोड्याच दिवसांत सोपर तिला रुग्णालयात भेटले. तुझ्यावर पुस्तक लिहितो, तुझे खरे नाव येऊ देणार नाही आणि सगळा नफा तुला देतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. मेरी उठली, अंगरखा गुंडाळून घेतला आणि शौचालयात जाऊन तिने दार लावून घेतले. पैशांचा विषय तिच्यापुढे कोणी काढल्याचा हा एवढाच प्रसंग, आणि तोही तिच्या बदनामीचे दाम देण्यासाठी.

जून १९०९ मध्ये एका वृत्तपत्राने तिचे नाव छापले. सोबतच्या चित्रात स्वयंपाकीण तव्यावर अंड्यांसारख्या कवट्या फोडताना दाखवली होती. त्याच सुमारास तिने न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने तिच्याविषयी सहानुभूती असूनही आरोग्य खात्याची बाजू उचलून धरली. पण लोकमत थोडे हलले होते, आणि शहरात दरवर्षी हजारो लोकांना टायफॉइड होत असताना तिच्यासारखे शेकडो जण मोकळे फिरत आहेत, हे खात्यालाही कळत होते. फेब्रुवारी १९१० मध्ये आरोग्य आयुक्त अर्न्स्ट लेडर्ले यांनी तिला सोडले. पुन्हा स्वयंपाकाचे काम करणार नाही आणि ठरलेल्या वेळी खात्याकडे हजेरी लावीन, असे तिने लिहून दिले.

या वळणावर थोडे थांबायला हवे. लेडर्ले भला माणूस होता. त्याने तिला कपडे धुण्याच्या कारखान्यात काम मिळवून दिले. त्याच्या आधीच्या कोणी एवढेही केले नव्हते. पण धुलाईकाम म्हणजे घरकामाच्या उतरंडीतली खालची पायरी. दिवसभर वाफेत आणि साबणाच्या पाण्यात उभे राहायचे, आणि मजुरी स्वयंपाकाच्या मानाने फारच कमी. मेरी तेव्हा चाळिशीत होती. तिला दुसरे कसब शिकवण्याची तजवीज झाली नाही. कमी पडणारा पगार कोणी भरून दिला नाही. तिचा मित्र, ज्याच्या बिऱ्हाडी ती सुट्टीच्या दिवशी जाई, तोही याच काळात वारला. तीन वर्षे तिला ठेवण्याचा खर्च शहराने केला होता: घर, जेवण, परिचारिका, १६३ तपासण्या. त्यातला थोडा पैसा दर महिन्याला तिच्या हातात पडत राहिला असता तर तिला आपला शब्द पाळणे सोपे गेले असते. आरोग्य खात्याने तिच्याकडून हमी घेतली. तिला हमी दिली नाही.

बाहेर अशा हमीची कल्पना अगदीच अनोळखी होती असेही नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला होता आणि कारखान्यातला कामगार आजारी पडला तर त्याला भत्ता मिळे. ब्रिटनमध्ये १९११ साली तसा कायदा आला. मेरीची अडचण मात्र त्याहूनही चमत्कारिक होती. ती आजारीच नव्हती. तिला दुसऱ्यांच्या जिवासाठी काम सोडायचे होते. अशा सुटीला नाव नव्हते, मग पगार कोठून असणार?

काही काळ ती हजेरी लावत राहिली. मग लेडर्ले पदावरून गेले आणि मेरीही दिसेनाशी झाली.

१९१५ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधील स्लोन या बाळंतिणींच्या रुग्णालयात टायफॉइडची साथ उसळली. पंचवीस जण आजारी पडले, त्यांत बहुतेक डॉक्टर, परिचारिका आणि तेथील नोकरवर्ग होता. दोघे मेले. तेथील प्रमुख डॉक्टरांनी सोपर यांना बोलावले. स्वयंपाकघरात मिसेस ब्राऊन नावाची एक बाई होती, आणि तिचे अक्षर पाहताच सोपर यांनी तिला ओळखले.

या वेळी तिची बाजू घेणे कठीण आहे. १९०७ साली तिला खरोखर काही माहीत नव्हते. १९१५ साली तिला सगळे सांगून झाले होते, तिने लिहून दिले होते, आणि तरी खोटे नाव घेऊन ती अशा ठिकाणी रांधत होती जेथे बाळंतिणी आणि तान्ही मुले होती. डॉक्टरांचे म्हणणे तिला पटले नसेल, पण ते खरे निघाले तर काय होईल याचा विचार तिने केला नाही, किंवा केला आणि बाजूला सारला. उपाशी राहायचे की लपून रांधायचे, असा तो पेच होता म्हणावे तर तिच्याकडे धुलाईचे काम होते. तुटपुंजे, पण होते. वर्तमानपत्रांनी तिला माफ केले नाही. मार्चअखेर तिला पुन्हा नॉर्थ ब्रदर बेटावर नेले गेले. या वेळी तिने झटापट केली नाही.

तिच्या नावावर सुमारे पन्नास रुग्ण आणि तीन मृत्यू नोंदले गेले. तिने सांगितले नाही अशी किती घरे असतील, याचा हिशेब कोणालाच लागला नाही.

दुसऱ्या वाहकांशी शहर कसे वागले, हे पाहिले की मन अस्वस्थ होते. १९२४ साली अल्फॉन्स कोटील्स नावाचा एक उपाहारगृह आणि बेकरीचा मालक न्यायालयापुढे उभा राहिला. तो वाहक असल्याचे खात्याने त्याला कळवले होते, अन्नाला हात लावायला बंदी केली होती, आणि तरी तो खाद्यपदार्थ बनवताना सापडला. न्यायाधीशांनी शिक्षा स्थगित केली. धंदा टेलिफोनवरून सांभाळेन, असे त्याने कबूल केले, तेवढे पुरले. त्याच्याकडे धंदा होता, म्हणून हात न लावताही त्याचे उत्पन्न चालू राहणार होते. मेरीकडे हातच होते. मेरी वारली तेव्हा न्यूयॉर्कच्या यादीत चारशेहून अधिक निरोगी वाहक नोंदलेले होते आणि त्यांपैकी कोणालाही तिच्यासारखे जन्मभर कोंडलेले नव्हते. कुटुंब पोसणाऱ्या पुरुषांचा वेगळा विचार होई. एकट्या, परकीय, तोंडाळ मोलकरणीचा तसा विचार करायला कोणाला सवड नव्हती.

बेटावरची दुसरी पाळी तेवीस वर्षांची. सुरुवातीची वर्षे रागात गेली. मग हळूहळू तिला रुग्णालयात पगारी मदतनिसाचे काम देण्यात आले. आधी किरकोळ कामे, नंतर रुग्णांची देखभाल. १९२५ च्या सुमारास डॉ. अलेक्झांड्रा प्लाव्हस्का तेथील प्रयोगशाळेत आल्या. त्यांनी मेरीला हाताशी घेतले. काचेच्या बाटल्या धुणे, नमुने आणि नोंदी सांभाळणे ही कामे ती करू लागली. ज्या प्रयोगशाळांवर तिने कधी विश्वास ठेवला नव्हता त्यांतल्याच एकीत तिचे दिवस बरे गेले. तिला दिवसापुरते शहरात जायची परवानगीही मिळू लागली. ती खरेदी करी, ओळखीच्यांना भेटे आणि संध्याकाळी आपली आपण परत येई. पळून जायचा प्रयत्न तिने एकदाही केला नाही. तिला दुसरे काम शिकवता येत होते, त्याचा पगार देता येत होता आणि पगार मिळाल्यावर ती नियम पाळत होती, हे सगळे बेटावर सिद्ध झाले. १९१० साली ते शहरात करून पाहिले गेले नव्हते, एवढेच.

डिसेंबर १९३२ मध्ये तिला पक्षाघात झाला. पुढची सहा वर्षे ती त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होती. ११ नोव्हेंबर १९३८ रोजी न्यूमोनियाने ती गेली. मागे काही हजार डॉलरची पुंजी होती. त्यातले दोनशे तिने डॉ. प्लाव्हस्कांसाठी लिहून ठेवले होते, काही धर्मादायाला, बाकीचे एका मैत्रिणीला. दफनाला नऊ माणसे होती.

ती गेली त्याच वर्षी अमेरिकेत किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा राष्ट्रीय कायदा झाला. घरकाम करणाऱ्या बायका त्याच्या कक्षेत नव्हत्या. त्या आल्या १९७४ साली, आणि घरी मुले सांभाळणाऱ्या काही जणी व वृद्धांच्या सोबतीला राहणाऱ्या बायका तेव्हाही बाहेरच राहिल्या. आजारपणाच्या पगारी रजेबद्दल त्या कायद्यात काहीच नव्हते, आजही नाही. न्यूयॉर्क राज्याने घरकामगारांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा २०१० साली केला, मेरीकडून हमी घेऊन तिला सोडले त्याला तेव्हा शंभर वर्षे झाली होती. एका घरी वर्षभर काम झाल्यानंतर वर्षाला तीन दिवस पगारी सुटी, अशी त्यात तरतूद होती. २०१४ साली न्यूयॉर्क शहराच्या आजारपणाच्या रजेच्या कायद्याने त्यात दोन दिवसांची भर घातली आणि गेल्या काही वर्षांत इतर कामगारांइतकी रजा घरकामगारांनाही लागू झाली. टायफॉइडच्या वाहकावरचा औषधोपचार चार आठवडे चालतो. नमुन्यांच्या तपासण्या त्यानंतर सुरू होतात.